नागपूरची स्ट्रीट स्टाइल टिपायची आहे: माणसं, कपडे, भिंती... कुठून सुरू करू?

ओढणी_आणि_लेन्स

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथे नुसतं वाचून राहिली होती, आज पहिल्यांदा लिहितेय. मला कपड्यांचं वेड आहे, विकत घ्यायचं कमी आणि बघायचं जास्त. बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) समोरून कोणी आलं की नजर आधी बाहीवर जाते, मग काठावर, मग चपलेवर, चेहरा सगळ्यात शेवटी. आता कॅमेरा घेतलाय (मिररलेस, ३५ आणि ५० ची लेन्स) आणि नागपूरची माणसं रोज काय घालतात, कसं घालतात ते टिपत जायचं ठरवलंय. मॉडेल नाही, पोज नाही, आपली रस्त्यावरची माणसं.

माझा या कामातला देव म्हणजे बिल कनिंगहॅम. न्यूयॉर्कमध्ये सायकलवर फिरून फोटो काढायचा, अंगात कायम निळं कामगारांचं जॅकेट, २०१६ ला गेला तोपर्यंत हेच काम. १९७८ मध्ये त्याने रस्त्यावर एका बाईचा फोटो काढला कारण तिच्या कोटाच्या खांद्याचा कट त्याला भारी आवडला, नंतर कळलं की ती ग्रेटा गार्बो होती! त्याला कोट दिसला, बाई कोण आहे ते दिसलंच नाही. मला असं बघायला शिकायचंय.

पण जिला सांगावं ती मैत्रीण म्हणते, नागपुरात काय स्टाइल आहे बे, मुंबईला जा नाहीतर पुण्याला जा. मला हे पटत नाही, मनापासून पटत नाही. म्हणून इथल्या जाणकारांना विचारते की कुठे उभं राहू, आपल्या या उन्हात फोटो कधी काढायचे, अनोळखी माणसाला विचारायचं कसं, आणि शहरात भिंतींवर जे रंगकाम झालंय त्याचा बॅकग्राउंड म्हणून उपयोग करावा का. हातमागाचं काही दिसलं तर ओळखायचं कसं हेही सांगा, मला साड्यांमधलं फार कळत नाही पण कळून घ्यायचं आहे.

---

बर्डीचा_भाऊ

ताई, नागपुरात स्टाइल नाही म्हणणाऱ्याले एप्रिलच्या दुपारी व्हेरायटी चौकात सिग्नलवर उभं करा. स्कूटीवाल्या पोरी पाहा. डोक्यापासून गळ्यापर्यंत स्कार्फ, फक्त डोळ्यांची फट, त्यावर गॉगल, कोपराच्या वर जाणारे हातमोजे, अंगात सनकोट. जगात कुठे आहे अशी फॅशन सांगा? आणि ही कोणी मासिकात पाहून शिकलेली नाही, ४५ डिग्रीनं शिकवलेली आहे. प्रत्येकीची बांधायची पद्धत वेगळी असते, कोणी मागे गाठ मारते, कोणी कानाशी खोचते, कोणाचं टोक पाठीवर उडत राहते, एकीचा बांधणीचा दुपट्टा तर दुसरीचा साधा पांढरा कॉटनचा आणि त्यावर लालभडक सनकोट. मी तं म्हणतो पूर्ण एक उन्हाळा तुम्ही याच एका विषयावर काढा. चेहरा झाकलेला असते म्हणून लोक फोटोले हो पण लवकर म्हणतात.

फक्त एक, उन्हाळ्यात काही सिग्नलवर हिरवी जाळी टाकून सावली करतात, तिच्याखाली सगळ्या पांढऱ्या कपड्यावर हिरवट झाक येते. तिथे व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्याची रंग सावरायची सेटिंग) ऑटोवर सोडू नका.

जागा म्हणाल तं बर्डी मेन रोड आहेच, पण गर्दी इतकी की मागे सगळं दुकानांचे बोर्डच येतात. त्यापेक्षा मोदी नंबर दोन-तीनच्या गल्ल्यांमध्ये शिरा, तिथे दुकानाच्या छपराखाली मस्त मऊ उजेड असते. महालात बडकस चौक ते केळीबाग रोड, सणाच्या आधीचे दिवस पकडा, नऊवारीतल्या आज्या आणि फाटक्या जीन्समधल्या नाती एकाच फ्रेममध्ये सापडतात. इतवारी-गांधीबाग कापडाच्या ठोक बाजारासाठी, गाठोडं उचलणाऱ्या हमालाच्या डोक्यावरची चुंबळ पाहा, तिचा पीळ पाहा, कापड कसं वापरावं हे त्या माणसाले कोणत्याही डिझायनरपेक्षा जास्त समजते. सकाळी सकाळी कॉटन मार्केट, खेड्यातून भाजी घेऊन आलेले लोक, धोतर, टोपी, खांद्यावर दुपट्टा. धरमपेठला कॉफी हाउस चौकाकडे संध्याकाळी कॉलेजची पोरं, तिकडे तुम्हाले सगळं ओव्हरसाइज्ड दिसेल. फुटाळ्यावर जायची घाई नको, तिथे सगळे फोटो काढायलेच आलेले असतात, त्यामुळे नैसर्गिक काहीच भेटत नाही.

---

सावली_शोधणारा

उजेडाबद्दल मी लिहितो, हा माझा आवडता विषय आहे.

नागपूर साधारण ७९ रेखांशावर आहे आणि आपली घड्याळं साडेब्याऐंशी रेखांशाच्या वेळेवर चालतात, म्हणून आपल्याकडे सूर्य माथ्यावर येतो तो बाराला नाही, वर्षाच्या सरासरीने सव्वाबाराच्या आसपास. मेमध्ये थोडं आधी, फेब्रुवारीत जवळजवळ साडेबारा. मेच्या शेवटच्या आठवड्यात तर एक दिवस असा येतो की दुपारी खांबाची सावलीच पडत नाही. त्या दिवसांत सकाळी साडेपाचला उजाडतं आणि साडेआठनंतर डोळ्यांच्या खोबणीत काळ्या सावल्या पडायला लागतात, म्हणून उन्हाळ्यात तुमचं काम सहा ते आठ आणि मग संध्याकाळी सहाच्या पुढे. मधल्या वेळेत उघड्यावर काढायचंच नाही, छज्जा, पूल, दुकानाचं छप्पर, मेट्रोच्या खांबांखालची सावली, जिथे समोरच्या भिंतीवरून उजेड उसळून येतो तिथे माणसाला उभं करा. समोरची भिंत कोणत्या रंगाची आहे ते मात्र बघून घ्या, पिवळी असेल तर चेहरा पिवळा येणार.

आता आनंदाची गोष्ट. डिसेंबर-जानेवारीत भर दुपारीसुद्धा सूर्य आपल्याकडे ४५ अंशांच्या आसपासच चढतो. म्हणजे हिवाळ्यात दिवसभर तिरपं ऊन! स्वेटर, शाल, मफलर यांचा विणीचा पोत अशा तिरप्या उन्हात इतका सुंदर उठून दिसतो की बास. लोक सगळे उन्हाळ्याच्या नावाने बोलतात, पण फोटो काढणाऱ्यांसाठी नागपूरचा हिवाळा म्हणजे सोनं आहे, नोव्हेंबरमध्ये सुरुवात करा आणि फेब्रुवारीपर्यंत एकही रविवार सोडू नका.

तुमच्या लेन्सबद्दल, ३५ वापरा. ५० ने माणूस छान येतो पण शहर कापलं जातं आणि तुम्हाला तर दोन्ही पाहिजे. कपडे दाखवायचे तर पायापर्यंत घ्या, चप्पल कापू नका, आणि कॅमेरा कमरेच्या उंचीवर आणा, डोळ्याच्या उंचीवरून पूर्ण माणूस काढला की पाय आखूड दिसतात आणि साडीचा घेर मेल्यासारखा दिसतो. ॲपर्चर (लेन्सचं उजेड आत घेणारं छिद्र, आकडा लहान तितकं ते मोठं) एकदम उघडं ठेवू नका, सगळे १.८ वर काढतात आणि मग मागचं शहर धूर होऊन जातं, ५.६ किंवा ८ वर या.

---

करवतीवाली_काकू

बेटा, तुझा प्रश्न वाचून फार बरं वाटलं. मी पाचपावलीची, माहेरी घरात माग होता, बाबा आणि काका दोघंही विणायचे, त्यामुळे हातमागाचं विचारलंस तर मला लिहिल्याशिवाय राहवणार नाही.

आपल्याकडची सगळ्यात देखणी गोष्ट म्हणजे करवत काठी. अंग कोशाचं (टसर रेशमाचं) आणि काठ सुती, आणि जिथे अंग आणि काठ भेटतात तिथे करवतीसारखे दाते. हे दाते नुसते दिसायला नाहीत बरं, ती विणायची पद्धत आहे. तीन धोटे (आडवा धागा इकडून तिकडे नेणारे) चालतात, मधला अंगाचा आणि दोन बाजूंच्या काठांचे दोन, आणि दर वेळी अंगाचा धागा काठाच्या धाग्यात अडकवून मागे फिरवतात. म्हणून अंगाचा धागा काठात शिरतच नाही आणि काठाचा रंग एकदम गडद, निखळ राहतो. ओळखायची खूण इथेच आहे. काठावर बोट ठेव आणि उलटून बघ, दोन्हीकडून रंग सारखाच भरीव दिसला, दात्यांपाशी धागे एकमेकांत गुंतलेले दिसले तर हाताचं काम. काठात अंगाचा रंग मिसळून फिका झाला असेल किंवा दाते नुसते छापलेले असतील तर ते करवती नाही, कोणी कितीही शपथ घेऊ दे.

कोसा आपल्याच जंगलातला. भंडारा, गडचिरोलीकडे ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर ते किडे पोसतात, ढिवर समाजाचे लोक पिढ्यान्पिढ्या ते काम करतात, झाडाखाली राहून पाखरांपासून राखण करतात. त्या धाग्याला स्वतःचाच मधासारखा रंग असतो, रंगवायची गरजच नसते. मोहाडीकडे आंधळगावला अजून माग चालतात, जाऊन ये एकदा, भंडाऱ्यावरून जवळ आहे. पवनी, उमरेडकडेही विणकर आहेत. आणि सुती नागपुरी साडी वेगळी, ती बारीक सुताची, ती माझ्या आजीच्या पिढीच्या बायकांची रोजची साडी होती, आता मला ती अंगावर घातलेली फार कमी दिसते. दिसली तर आधी तिचा फोटो काढ, बाकी सगळं नंतर.

आणखी सांगते, आपलं शहरच कापडावर उभं आहे. जमशेटजी टाटांनी एम्प्रेस मिल सुरू केली ती नागपुरात, १ जानेवारी १८७७ ला. मुंबई सोडून इथे, कारण कापूस इथे होता. पुढे सव्वाशे वर्षं ती चालली, अर्ध्या नागपूरच्या घरातलं कोणी ना कोणी तिथे कामाला होतं, आणि २००२ मध्ये ती बंद झाली. आज त्या जागेवर मॉल आहे, पोरं तिथे रेडीमेड टी-शर्ट घ्यायला जातात. ज्या जमिनीवर सूत निघायचं तिथे आता बाहेरून शिवून आलेला कपडा विकला जातो, हे मला बघवत नाही, पण तू मात्र तिथे उभी राहून फोटो काढ, तिथे कोण काय घालून येतं ते टिपून ठेव. पुढे कोणाला तरी लागेल.

मागावरच्या माणसाचा फोटो काढशील तेव्हा चेहऱ्याइतकेच हात आणि पाय घे. मागाच्या खड्ड्यात पाय पावड्यांवर (पायाने दाबायच्या पट्ट्यांवर) कसे चालतात ते कोणी दाखवतच नाही.

---

ओढणी_आणि_लेन्स

काकू, तुमचं वाचून मी आईचं कपाट उघडून बसले, तिच्या एका कोशाच्या साडीचा काठ उलटून पाहिला, दोन्हीकडून सारखाच गडद मरून!! आईला ती तिच्या आत्याने दिलेली, तिला ती करवती आहे हे माहीत होतं पण धोट्यांचं काही माहीत नव्हतं, मग मी तिला वाचून दाखवलं तर ती आत्याबद्दल तासभर बोलत बसली. आंधळगावला नक्की जाणार. सावलीवाले दादा, ८ वर काढून बघते आजपासून.

दोन प्रश्न अजून. कोसा नेहमी फोटोत प्लास्टिकसारखा चमकतो नाहीतर मळका दिसतो, काय करू? आणि माणसांना विचारायचं कसं यावर कोणीतरी लिहा ना.

---

सावली_शोधणारा

फ्लॅश आणि समोरचं ऊन दोन्ही बंद. कोशाचा धागा एकसारखा जाड नसतो, त्यात गाठी-चढउतार असतात, तो उजेड तुकड्या-तुकड्यात परत फेकतो आणि तीच त्याची शोभा आहे. खिडकीचा उजेड बाजूने येऊ द्या, म्हणजे पोत दिसेल आणि चमक पदराच्या घडीवरच राहील. मळकं दिसतं ते व्हाइट बॅलन्समुळे, कॅमेरा त्या मधाच्या रंगाला चूक समजून थंड करतो, म्हणून हाताने डेलाइटवर ठेवा. आणि पांढऱ्या कपड्यांना एक स्टॉपपर्यंत एक्स्पोजर वाढवा, काळ्याला कमी करा, कॅमेऱ्याच्या मीटरला सगळं जग करडंच हवं असतं.

---

निळी_पहाट

विचारायचं कसं यावर मी लिहिते, पण त्याआधी एक जागा, जी कोणी अजून सांगितली नाही. दीक्षाभूमी.

१४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी लाखो लोकांसोबत इथे धम्म स्वीकारला आणि तेव्हापासून दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला देशभरातून लोक येतात. पांढऱ्या साड्या, पांढरे कुर्ते, निळ्या पट्ट्या, आणि घडी न मोडलेले कोट. माझे आजोबा त्या एका दिवसासाठी वर्षभर जपलेला सूट घालायचे, टायसकट, ऊन असो की पाऊस. लोक याला फॅशन म्हणत नाहीत, पण मला विचाराल तर या शहरातलं कपड्याबद्दलचं सगळ्यात खोल प्रेम तिथे आहे. आमच्या लोकांना चांगलं कापड, सोन्याचा दागिना, नीट नेसलेली साडी हे नाकारलं गेलं होतं. १९२७ च्या डिसेंबरमध्ये महाडला बाबासाहेब बायकांशी वेगळं बोलले, त्यात साडी कशी नेसा, जातीची ओळख सांगणारे ते जुने दागिने कसे टाका, स्वच्छ राहा हे सगळं सांगितलं, आणि बायकांनी लगेच नेसण बदललं. १९४२ च्या जुलैत आपल्या नागपुरातच दलित महिलांची मोठी परिषद झाली, अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे, हजारो बायका आल्या होत्या. त्या काय नेसून आल्या असतील हे मी नेहमी मनात रंगवते. तेव्हा ताई, तुम्ही जेव्हा तिथे पांढऱ्या साडीतल्या आजीचा फोटो काढाल तेव्हा ती साडी किती लांबून चालत आलीय ते माहीत असू द्या.

आता विचारायचं. मी स्वतः फोटो काढते म्हणून सांगते, आधी कपड्याबद्दल बोला. "आजी, ही साडी कुठून घेतली?" एवढं विचारलं की लोक खुलतात, मग कॅमेरा दाखवा, मग विचारा. नुसतं "फोटो काढू का?" म्हटलं की माणूस आखडतो. फोटो झाल्यावर स्क्रीनवर दाखवा, नको म्हणाले तर त्यांच्यासमोर डिलीट करा. मोबाइल असेल तर पाठवून द्या, आजीकडे नसेल तर नातवाच्या मोबाइलवर. लहान मुलांचा फोटो आईवडिलांना विचारल्याशिवाय कधीच नाही. आणि दीक्षाभूमीवर येणारे लोक श्रद्धेने येतात, तुमच्या फ्रेमसाठी नाही, वंदना चालू असताना कॅमेरा खाली ठेवायचा.

---

बर्डीचा_भाऊ

निळी पहाट ताई, नागपुरात जन्मून हे १९४२ चं माहीत नव्हतं. धन्यवाद.

---

भिंतीवरचा_रंग

भिंतींचं राहिलंच की. मी पेंटिंग शिकलोय, वॉल पेंटिंगची कामं करतो, त्यामुळे थोडं आतलं सांगतो.

दिल्लीत लोधी कॉलनीत स्टार्ट इंडिया (St+art India, स्ट्रीट आर्ट करणारी संस्था) वाल्यांनी अख्खी वस्ती रंगवली, मुंबईत ससून डॉकला २०१७ ला मोठं काम झालं, तसं सलग एका जागी आपल्याकडे नाही. मार्च २०२३ मध्ये जी-२० च्या बैठकीसाठी शहर सजवलं तेव्हा वर्धा रोडकडे भराभर भिंती रंगल्या, वाघ, संत्री, वारली, सगळं. काही काम खरंच चांगलं आहे, काही घाईचं आहे, दिसतंच. आपलं ऊन रंग खाऊन टाकतं, पश्चिमेकडे तोंड असलेली भिंत सगळ्यात आधी जाते, लाल आणि पिवळे आधी उडतात, निळा टिकतो. त्यामुळे काढायच्या असतील तर लवकर काढा.

पण माझं स्पष्ट मत, रंगवलेल्या भिंतीसमोर माणूस उभा करणं हे सगळ्यात आळशी काम आहे. भिंत ओरडत असते आणि माणसाच्या कपड्याचं कोणी ऐकतच नाही. करायचंच तर भिंतीतला एकच रंग आणि कपड्यातला तोच रंग जुळतो का बघा आणि भिंतीचा एक कोपराच घ्या. त्यापेक्षा साध्या भिंती बघा ना, महालातल्या जुन्या वाड्यांचा चुना, लाकडी खांबांवरचं कोरीव काम, इतवारीतली निळी शटरं, हायकोर्टाच्या इमारतीचा दगड (हेन्री मेडचं डिझाइन, १९४० ची, बाहेरच्या रस्त्यावरूनच काढा). गड्डीगोदामला खाली रस्ता, वर रेल्वे, त्यावर उड्डाणपूल आणि त्यावर मेट्रो, चार मजल्यांच्या त्या सांगाड्याखाली एक बाई पोपटी साडीत चालत जाताना मी पाहिली आहे, माझ्याकडे कॅमेरा नव्हता, तुम्ही काढा. मेट्रो स्टेशनच्या आत कॅमेरा काढायच्या आधी स्टाफला विचारा, मोठा कॅमेरा दिसला की अडवतात.

आणि आता खरी गोष्ट. नागपूरची स्ट्रीट आर्ट बघायची तर चितार ओळ (मूर्ती घडवणाऱ्यांची गल्ली) आणि मारबत (मिरवणुकीने नेऊन शेवटी जाळायचे मोठे पुतळे). चितार ओळीत गणपतीच्या आधी महिना-दोन महिने जा, रंगाने माखलेले बनियन, कानामागे ब्रश खोचलेला, आणि डोळे काढायला बसलेला म्हातारा कारागीर, तिथे कपडाच कॅनव्हास झालेला असतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत. काळी मारबत १८८१ पासून निघते आणि पिवळी १८८५ पासून, पिवळी जागनाथ बुधवारीतून, दोघींची भेट होते तेव्हा इतवारीत पाय ठेवायला जागा नसते. "इडा पिडा घेऊन जा गे मारबत" म्हणत लोक ओरडतात. सोबत बडगे असतात, बांबू आणि कागदाचे पुतळे, त्या वर्षी लोकांना ज्याचा राग असेल त्याचा बडगा, महागाईचा, भ्रष्टाचाराचा. इतकी मेहनत करून बनवायचं आणि संध्याकाळी जाळून टाकायचं, अशी पब्लिक आर्ट जगात किती ठिकाणी असेल? त्याच दिवशी तान्हा पोळा, लहान पोरं सजून लाकडी बैल घेऊन दारोदार जातात, कोणी कृष्ण, कोणी झाशीची राणी, कोणी शेतकरी, आईने रात्रभर जागून शिवलेले ड्रेस. स्टाइल फोटोग्राफरला अजून काय पाहिजे.

लेन्स ३५ च ठेवा, कॅमेऱ्याला पावसाचं कव्हर, बॅग पुढे छातीवर, आणि सकाळी लवकर जाऊन कोणाच्या तरी गच्चीची परवानगी काढून ठेवा, वरून पिवळ्या मारबतीचा रंग गर्दीत काय दिसतो ते बघाच. तुमच्या बिल भाऊला आवडलं असतं.

---

ओढणी_आणि_लेन्स

सगळ्यांना खूप खूप धन्यवाद, एवढं कोणी मनापासून लिहील असं वाटलं नव्हतं. ठरलं माझं. रविवारी सकाळी सहाला मोदी नंबर तीन, पुढच्या महिन्यात आई आणि मी आंधळगावला, आईने ती साडी नेसायची कबूल केलंय. स्कार्फवाली मालिका एप्रिलसाठी राखून ठेवते. काकू, पावड्यांवरच्या पायांचे फोटो पहिले तुम्हाला पाठवणार. निळी पहाट ताई, धम्मचक्र दिनाला तुम्ही येणार असाल तर मी तुमच्यासोबत आले तर चालेल का? कॅमेरा तुम्ही सांगाल तेव्हाच बाहेर काढेन.

---

निळी_पहाट

चालेल ना, ये. आदल्या दिवशी दुपारपासूनच ये, बाहेरगावचे लोक तेव्हाच यायला लागतात आणि मुख्य दिवशी दोन पावलं मागे सरकायलाही जागा मिळत नाही. पाण्याची बाटली आण आणि आरामाची चप्पल घाल, खूप चालावं लागेल.